एमए तत्त्वज्ञान : चार सेमिस्टरांची आखणी कशी करावी? (बीए इतिहासात झालं आहे)

मयेकाठ विचारते :

नमस्कार. यंदा ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एमए तत्त्वज्ञानाला प्रवेश मिळाला आहे. बीए इतिहासात. तत्त्वज्ञानाचा आजवर एकच पेपर झाला, तोही नीतिशास्त्राची तोंडओळख. चौथीपर्यंत मराठीतून, पुढे इंग्रजीतून, संस्कृत दहावीपर्यंत. डिचोलीहून रोज दोन बसेस.

दोन वर्षं, चार सेमिस्टर, ८० क्रेडिट एवढं कळलं आहे. पुढचं कळत नाही. ऐच्छिक पेपर निवडायचे कशावरून? तर्कशास्त्र आधी उरकावं की मागे ठेवावं? डिझर्टेशनचा (शेवटच्या प्रबंधाचा) विषय केव्हा ठरवायचा? आणि नेटचा (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास पहिल्या दिवसापासून करावा की एमए झाल्यावर? 'आवडीचे विषय घ्या' हा सल्ला मिळून चुकला आहे, त्यामुळे तो सोडून सांगा.

---

पठारी :

आखणी चौथ्या सेमिस्टरपासून उलटी करा. पहिल्यापासून सुरू केली की पहिल्या दोन सेमिस्टरांत जे सोयीचं वाटेल ते घेतलं जातं, आणि तिसऱ्यात लक्षात येतं की डिझर्टेशनला जो ग्रंथ लागणार त्याचा पेपर घेतलेलाच नाही.

आधी हिशेब. ८० क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला २०. एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्ग, म्हणजे सेमिस्टरला ३००. कागदावर १५ आठवडे धरले तर आठवड्याला २० तास नुसते वर्गातच जातात. प्रत्यक्षात १५ आठवडे मिळत नाहीत. पहिल्या सत्रात चवथीचा (गणेशचतुर्थीचा) आठवडा जातो, त्याच्या अलीकडे-पलीकडे आयएसए (सत्रांतर्गत परीक्षा) येतात. दुसऱ्यात नाताळ, मग कार्निव्हल, मग शिगमो. वाचनाची आखणी १२ आठवड्यांची करा, उरलेले तीन चुकांसाठी.

वर्गाबाहेर आठवड्याला १५ तास वाचन जमलं तर चांगलं म्हणायचं. दोन बसेस करणाऱ्याला १२. आता या १२ तासांत काय मावतं ते बघा. प्लेटोचा संवाद तासाला १०-१२ पानं सरकतो. ह्यूम ८-१०. कांट ४, तोही पहिल्या वाचनाला. १७८५ चं 'ग्राउंडवर्क' लहान पुस्तक म्हणतात. अकादमी आवृत्तीच्या क्रमांकांत ते ३८७ ते ४६३, म्हणजे ७७ पानं. भागाकार करा : १९ तास. एका 'लहान' पुस्तकाने दीड आठवडा खाल्ला, आणि त्या सेमिस्टरला आणखी चार पेपर आहेत.

म्हणून ऐच्छिक पेपर निवडताना पेपराच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये वाचनाची यादी उघडून दोन गोष्टी बघा. मूळ ग्रंथ किती आणि त्यातले जड किती. एका सेमिस्टरला जड वाचनाचे दोनच पेपर घ्या. कांट आणि न्याय (न्यायदर्शन) एकाच सेमिस्टरला घेतले की दोन्ही अर्धवट राहतात, कारण दोन्हींची परिभाषा नव्याने शिकावी लागते. कांटच्या जोडीला उपयोजित नीतिशास्त्र चालतं, न्यायाच्या जोडीला राजकीय तत्त्वज्ञान चालतं.

ढोबळ क्रम असा. पहिल्या सेमिस्टरला तर्कशास्त्र, ग्रीक आणि भारतीय दर्शनांचा पाया. दुसऱ्यात देकार्त ते कांट आणि ज्ञानमीमांसा. तिसऱ्यात ज्या भागात डिझर्टेशन करायचं त्याचे दोन पेपर, आणि शक्य तर संशोधनपद्धतीचा. डिझर्टेशनला जितकी क्रेडिट असतील त्यांना १५ ने नव्हे, ३० ने गुणून तास मोजा.

इतिहासवाल्यांची एक ठरलेली अडचण असते, ती आधीच सांगून ठेवतो. इतिहासातून आलेला विद्यार्थी उत्तरात 'कोण, केव्हा, काय म्हणाला' हे उत्तम लिहितो आणि तिथेच थांबतो. 'देकार्तने १६४१ मध्ये संशयाची पद्धत मांडली, त्यामागे विज्ञानक्रांतीची पार्श्वभूमी होती' हे वाक्य खरं आहे, पण त्याला तत्त्वज्ञानाच्या पेपरात जवळजवळ गुण नाहीत. परीक्षकाला हवं असतं ते असं : स्वप्नाच्या युक्तिवादाने इंद्रियांवरचा विश्वास डळमळतो, पण दोन आणि तीन मिळून पाच हे स्वप्नातही टिकतं, म्हणून त्याला पुढे फसव्या शक्तीचा युक्तिवाद आणावा लागतो. पहिला युक्तिवाद कुठे अपुरा पडला म्हणून दुसरा आला, हे दाखवलं की उत्तर झालं. प्रत्येक परिच्छेदाखाली पेन्सिलीने 'हे का मानावं?' असं लिहा. परिच्छेदात त्याचं उत्तर नसेल तर परिच्छेद खोडा.

---

उंडो :

पठारींचं बाकी मान्य. तर्कशास्त्राबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथे लोक वाचून पास होऊ बघतात आणि आपटतात.

पहिल्याच सेमिस्टरला घ्या. मागे ठेवू नका. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कोपीच्या पाठ्यपुस्तकाच्या पद्धतीने शिकवतात : १९ नियम, त्यातले ९ अनुमानाचे आणि १० प्रतिस्थापनाचे. नियम पाठ व्हायला आठवडा पुरतो. गोंधळ होतो तो एका गोष्टीने, आणि ती पुस्तकात एका ओळीत येऊन जाते : अनुमानाचे ९ नियम अख्ख्या ओळीलाच लागतात, ओळीच्या तुकड्याला नाही. प्रतिस्थापनाचे १० मात्र तुकड्यालाही लागतात.

उदाहरण. 'पाऊस पडला आणि वीज गेली, तर वर्ग रद्द.' यातल्या 'पाऊस आणि वीज' या तुकड्याला सिम्प्लिफिकेशन ('क आणि ख'वरून नुसतं 'क' काढणं, हा अनुमानाचा नियम) लावून 'पाऊस पडला तर वर्ग रद्द' असं कितीतरी उत्तरपत्रिकांत निघतं. तसं असतं तर जुलै महिन्यात पठारावर एकही वर्ग भरला नसता.

दुसरी खोट क्वांटिफिकेशनमध्ये, म्हणजे 'सगळे' आणि 'काही'च्या विधानांत. हे सोडवा :

१. सगळे खलाशी पोहतात.
२. काही खलाशी वास्कोचे आहेत.
निष्कर्ष : वास्कोचे काहीजण पोहतात.

आधी दुसऱ्या ओळीतून 'काही'ला नाव द्यायचं : 'अ खलाशी आहे आणि अ वास्कोचा आहे.' मग पहिल्या ओळीतून 'अ खलाशी असेल तर अ पोहतो.' मग सिम्प्लिफिकेशन, मोडस पोनन्स ('क तर ख' आणि 'क' यांवरून 'ख'), कंजंक्शन (दोन ओळी 'आणि'ने जोडणं), आणि शेवटी पुन्हा 'काही'. सुटलं.

विद्यार्थी करतात उलटं, कारण पहिली ओळ पहिली दिसते. 'सगळे'मधून आधी 'अ' काढतात आणि नंतर 'काही'लाही 'अ' नाव देतात. नियम सांगतो की 'काही'तून येणारं नाव सिद्धतेत आधी कुठेही आलेलं नसावं. त्यामुळे गुण गेले, उत्तर बरोबर असूनही. नियम एवढा कडक का? कारण तो नसेल तर 'काही खलाशी वास्कोचे' आणि 'काही स्वयंपाकी वास्कोचे' या दोन्हींतून एकाच 'अ'ला उचलून 'काही खलाशी स्वयंपाकी' हे सिद्ध करता येईल. म्हणून सवय एकच : 'काही' आधी, 'सगळे' नंतर.

सत्यता-कोष्टकात वेळ घालवू नका. चार चलांना (सुट्या विधानांना) १६ ओळी, पाचांना ३२. परीक्षेत लघुपद्धत वापरा : निष्कर्ष असत्य धरा, सगळी आधारविधानं सत्य करता येतात का बघा. आली तर युक्तिवाद अवैध, कुठे विसंगती अडकली तर वैध.

रोज सहा सिद्धता, ४० मिनिटं. रविवारी ४० सिद्धता एकदम केल्याने होत नाही, हे गणितासारखं आहे.

---

जुनी_वही :

भारतीय बाजूकडे कोणी वळलंच नाही. तुमचं संस्कृत दहावीपर्यंतचं आहे ते पुरेसं आहे, पण आजपासून रोज वीस मिनिटं लागतील. ग्रंथ एकच धरा : अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह. सतराव्या शतकातला, विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेला, मूळ एवढं लहान की एका सेमिस्टरमध्ये दोनदा होतो. त्यातलं अनुमानखंड शब्दाला शब्द लावून वाचा. 'व्याप्तिविशिष्टपक्षधर्मताज्ञानं परामर्शः' हे एक वाक्य सोडवता आलं की निम्मी भीती जाते. डोंगरावर धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती. आणि अशा व्याप्तीने युक्त धूर या डोंगरावर आहे हे ज्ञान म्हणजे परामर्श. व्याप्ती माहीत असणं वेगळं, धूर दिसणं वेगळं, आणि दोन्ही एका ज्ञानात जुळणं वेगळं. उत्तरपत्रिकेत ही तिसरी पायरीच गळते, आणि मग न्यायाचं अनुमान म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचंच, फक्त पाच अवयवांचं, असं लिहिलं जातं.

आता खरी अडचण, जी मराठी माणसाला इतरांपेक्षा जास्त नडते. आपल्याला शब्द ओळखीचे वाटतात. तेच घात करतात.

'ज्ञान' हा शब्द घ्या. इंग्रजी नॉलेज खोटं असूच शकत नाही. खोटं निघालं तर ते नॉलेज नव्हतंच असं म्हणतात. न्यायात मात्र अयथार्थ ज्ञान असतं. दोरीवर साप दिसला तेही ज्ञानच, फक्त अयथार्थ. नॉलेजच्या जवळ जाणारा शब्द 'प्रमा' (यथार्थ ज्ञान), आणि तोही नेमका बसत नाही, कारण प्रमा ही त्या-त्या क्षणाची घटना आहे. मनात साठून राहिलेली माहिती नव्हे. स्मृतीला तर नैयायिक प्रमेत घेतच नाहीत. 'भारतीय आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा' अशा प्रश्नात हे न सांगता तुलना सुरू केली की पुढची चार पानं वाया.

तसंच 'बिलीफ'. भाषांतरात 'विश्वास' किंवा 'श्रद्धा' छापलेलं असतं. 'बाहेर पाऊस पडतोय असा माझा विश्वास आहे' असं कोणी बोलतं का? आपण 'मला वाटतं' म्हणतो. तुमच्या टिपणात 'समज' किंवा 'मत' लिहा. 'विश्वास' लिहिलात तर डोक्यात देवधर्म येतो आणि युक्तिवाद सुटतो.

यासाठी एक वही, तीन रकाने : इंग्रजी संज्ञा देवनागरीत, संस्कृत-मराठी संज्ञा, आणि ती कुठल्या ग्रंथात कुठे आली ते ठिकाण. तिसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्या दोघांची जोडी मान्य करू नका. अडलं की वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश बघा, तीन खंड आहेत. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, दोन बसांच्या मध्ये तासभर तिथे काढता येतो.

आणखी एक, आपल्या गोव्यापुरतं. कवळ्याचा मठ अद्वैती, पर्तगाळचा द्वैती. एक फोंड्याजवळ, दुसरा काणकोणात, आणि दोघांचे अनुयायी एकमेकांच्या घरी जेवतात. शंकर आणि मध्व हा वाद आपल्याकडे पुस्तकापुरता नाही, त्यामुळे वेदान्ताचा ऐच्छिक पेपर घेतलात तर घरची माणसं मदतीला येतील. ती मदत परीक्षेत वापरू नका मात्र. घरी ऐकलेलं द्वैत आणि मध्वाचं भेदपंचक (पाच भेदांचा सिद्धान्त) यांत अंतर असतं.

---

पेपर_दोन :

नेटबद्दल. विषय क्रमांक ०३. पेपर एक ५० प्रश्न १०० गुणांचा, पेपर दोन १०० प्रश्न २०० गुणांचा, दोन्ही मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एमएला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. याखेरीज पुणे विद्यापीठ घेतं ती सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा) महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही राज्यांसाठी असते, ती विसरू नका.

अभ्यासक्रमात दहा घटक आहेत : भारतीय ज्ञान व सत्तामीमांसा, पाश्चात्त्य तीच, भारतीय नीती, पाश्चात्त्य नीती, समकालीन भारतीय, अलीकडचं पाश्चात्त्य, सामाजिक-राजकीय भारतीय आणि पाश्चात्त्य असे दोन, तर्कशास्त्र, उपयोजित. माझं मत स्पष्ट आहे : ऐच्छिक पेपर या दहा घटकांना समोर ठेवूनच निवडा. जे घटक सक्तीच्या पेपरांत येत नाहीत तेच ऐच्छिकात घ्या. डिझर्टेशनसाठी म्हणून एकाच भागात तीन पेपर घेणारा नेटला पाच घटकांत कोरा असतो.

समकालीन भारतीय घटक सोपा समजून सोडू नका. विवेकानंद, अरविंद, टागोर, इक्बाल, के. सी. भट्टाचार्य, राधाकृष्णन, गांधी, आंबेडकर, फुले अशी लांब यादी आहे, आणि प्रश्न जोड्या लावा, विधान-कारण या प्रकारचे येतात. फुले आपल्याला मूळ मराठीत वाचता येतात हा फायदा घ्या.

---

पठारी :

पेपर_दोन, इथे मात्र पटत नाही. नेटचा पेपर ओळख तपासतो : हे विधान कोणाचं, ही संज्ञा कोणत्या दर्शनाची. एमएचा पेपर युक्तिवाद तपासतो. एका सवयीने दुसरी बिघडते. पहिल्या वर्षी गाइडं वाचून तयारी करणाऱ्यांच्या उत्तरांत 'अख्याती प्रभाकरांची, अन्यथाख्याती नैयायिकांची' अशी भ्रमाविषयीच्या सिद्धान्तांची जंत्री येते आणि प्रभाकरांना भ्रमात चुकीचं ज्ञान का नाकारावं लागलं याचा पत्ता नसतो.

मधला मार्ग असा की प्रत्येक सेमिस्टर संपलं की त्या सेमिस्टरशी जुळणाऱ्या घटकांचे जुने नेट प्रश्न आठवडाभर सोडवायचे. चार सेमिस्टरांत आठ घटक होतात. उरलेल्यांना शेवटचा उन्हाळा.

---

पेपर_दोन :

आठवडा पुरणार नाही, दहा दिवस धरा. बाकी चालेल.

---

मयेकाठ :

सगळ्यांचे आभार. एवढ्यावरून कच्चा आराखडा केला आहे, त्यात चुका दाखवा.

पहिलं सेमिस्टर : तर्कशास्त्र, ग्रीक, भारतीय दर्शनं, नीतिशास्त्र, आणि ऐच्छिक म्हणून अस्तित्ववाद. दुसरं : आधुनिक पाश्चात्त्य, ज्ञानमीमांसा, वेदान्त, आणखी दोन हलके. तिसऱ्यात विश्लेषक तत्त्वज्ञान आणि बौद्ध दर्शन. डिझर्टेशनला 'शंकराचार्य आणि ह्यूम : एक तुलनात्मक अभ्यास' असा विचार आहे. दुसरा पर्याय धर्मानंद कोसंबी, कारण ते सांकवाळचे आणि लेखन मराठीत आहे. आणि बसमधला वेळ कशाला वापरावा?

---

जुनी_वही :

पहिला विषय टाकून द्या. 'एक तुलनात्मक अभ्यास' या शब्दांत प्रश्नच नाही, त्यामुळे उत्तरही नसणार. चाळीस पानं शंकर, चाळीस पानं ह्यूम आणि शेवटची पाच 'साम्य व भेद', असंच ते होतं.

शंकर हवेच असतील तर लहान करत जा. शंकर, त्यातलं ब्रह्मसूत्रभाष्य, त्यातला सुरुवातीचा अध्यासभाष्याचा भाग, तो दोन-तीन पानांचा आहे. त्यात अध्यासाची व्याख्या : 'स्मृतिरूपः परत्र पूर्वदृष्टावभासः'. पूर्वी पाहिलेल्याचा दुसऱ्या ठिकाणी होणारा, स्मृतिरूप असा भास. आता प्रश्न विचारा : शिंपल्यावर चांदी दिसते तेव्हा ती आठवलेली चांदी आहे का? आठवलेली असेल तर 'ही समोर आहे' असं का वाटतं? आठवलेली नसेल तर व्याख्येत 'स्मृतिरूप' कशाला? पंचपादिकेत पद्मपादाचं उत्तर असं की रूप स्मृतीसारखं, प्रत्यक्ष स्मृती नव्हे. वाचस्पतीची भामती वेगळ्या वाटेने जाते. 'स्मृतिरूप या एका शब्दाचा अर्थ लावताना पंचपादिका आणि भामती कुठे वेगळ्या होतात, आणि कोणाचं बरोबर?' झाला विषय. एका शब्दावर साठ पानं सहज होतात. त्यातली तीस तरी चांगली होतील.

कोसंबींचा विषय मला जास्त आवडला, पण त्यात इतिहासाकडे घसरण्याचा धोका आहे, आणि तुम्ही इतिहासातून आलेल्या. त्यांचा जन्म १८७६ चा, सांकवाळचा, मग पुणे, काशी, सिलोन असं चरित्र लिहिण्यातच दोन प्रकरणं जातील. चरित्र एका परिच्छेदात संपवा.

प्रश्न इथे आहे : म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा कोसंबी नाकारतात. शाक्य आणि कोळी यांच्यातला रोहिणीच्या पाण्याचा तंटा ते पुढे आणतात आणि सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्ताचा आधार घेतात. आटलेल्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांविरुद्ध उठलेली माणसं पाहून भय वाटलं, असं त्या सुत्तात आहे. आता हे ऐतिहासिकदृष्ट्या खरं की खोटं हा तुमचा प्रश्न नव्हे. तुमचा प्रश्न असा : दुःखाचं मूळ जरा-मरणात धरलं तर उपाय एकट्याचा होतो, भांडणात, शस्त्रात धरलं तर उपाय समाजाचा व्हायला हवा. मग चार आर्यसत्यांत फरक पडतो का? तृष्णा हेच कारण दोन्हीकडे पुरतं का? आंबेडकरही पाण्याच्या तंट्याचीच बाजू घेतात, तेव्हा तिसऱ्या प्रकरणाला सामग्री आहे.

त्यासाठी थोडी पाली लागेल. संस्कृत असलेल्याला तीन महिन्यांत कोशाच्या मदतीने सुत्त लावता येतं.

---

पठारी :

आराखड्याबद्दल. पहिल्या सेमिस्टरमधून अस्तित्ववाद काढा. नाव ओळखीचं म्हणून सगळे आधी घेतात, पण हेगेल आणि हुसर्लशिवाय सार्त्र वाचला की तो सुविचारांचा संग्रह वाटायला लागतो. तो तिसऱ्यात न्या किंवा सोडा. त्याच्या जागी राजकीय तत्त्वज्ञान घ्या, इतिहासाचा उपयोग होईल. कोसंबींचा विषय पक्का केलात तर बौद्ध दर्शन दुसऱ्यात आणा आणि वेदान्त तिसऱ्यात ढकला. तिसऱ्यात बौद्ध वाचून त्याच सुट्टीत डिझर्टेशनचा आराखडा लिहिणं होत नाही.

तारखा अशा धरा. दुसरं सेमिस्टर संपताना तीन संभाव्य प्रश्न, प्रत्येकी पाच ओळींत. तिसऱ्याच्या पहिल्या महिन्यात ते घेऊन गाइडकडे (मार्गदर्शक प्राध्यापकांकडे) जा. 'मला बौद्ध धर्मावर काहीतरी करायचंय' असं म्हणत गेलात तर जो विषय त्यांच्याकडे पडून आहे तो मिळेल. तिसऱ्याच्या अखेरीस दहा पानांचं एक प्रकरण लिहून तयार हवं, कितीही वाईट असलं तरी. चौथ्यात कोरं पान घेऊन बसलेल्यांचं पहिलं प्रकरण मार्चपर्यंत चालतं आणि शेवटची दोन आठ दिवसांत होतात.

आणि संदर्भ पहिल्या दिवसापासून मूळ क्रमांकांनी नोंदवा, पुस्तकाच्या पानांनी नाही. प्लेटोला स्टेफानस, अ‍ॅरिस्टॉटलला बेकर, कांटच्या 'क्रिटिक'ला १७८१ आणि १७८७ च्या दोन आवृत्त्यांचे ए-बी आकडे, पाली सुत्ताला गाथेचा क्रमांक. ग्रंथालयातली प्रत परत केल्यावर दुसरं भाषांतर हाती येतं आणि 'पान ११२' कुठेच सापडत नाही. डिझर्टेशनच्या शेवटच्या आठवड्यात लोक हेच शोधत असतात.

---

उंडो :

विश्लेषक तत्त्वज्ञानाची भीती असेल तर गेटियरपासून सुरू करा. १९६३ चा लेख, तीन पानांचा. 'ज्ञान म्हणजे समर्थित, खरं मत' या व्याख्येला त्यात आव्हान आहे. पण तीन पानं म्हणून एका बैठकीत संपवू नका. सगळ्यांना खिशातल्या दहा नाण्यांची गोष्ट लक्षात राहते आणि उत्तरात तीच रंगवून लिहितात. गोष्टीच्या आधी त्याने दोन गृहीतकं मांडली आहेत : एक, खोट्या गोष्टीवरही समर्थनासह मत असू शकतं, दोन, समर्थित मतातून तर्काने निघालेलं मतही समर्थितच राहतं. अख्खा युक्तिवाद या दोन खिळ्यांवर टांगलेला आहे. नंतरच्या बहुतेक उत्तरांत कुणी एखादा खिळा उपटायला बघतो, कुणी व्याख्येला चौथी अट जोडायला बघतो. हे दोन खिळे उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवेत, नाणी नंतर.

स्टॅनफर्डचा ऑनलाइन विश्वकोश फुकट आहे, लेख उत्तम आहेत, पण तो मूळ लेखानंतर वाचा. आधी वाचलात तर मूळ लेखात तेवढंच दिसतं जेवढं विश्वकोशाने दाखवलं.

---

मयेकाठ :

अस्तित्ववाद काढला. कोसंबी ठेवला, बौद्ध दुसऱ्या सेमिस्टरला. पाली शिकण्यासाठी पहिला उन्हाळा धरते. बसचं राहिलं.

---

जुनी_वही :

उन्हाळा नको, त्यात नेटचे दहा दिवस आणि तीन प्रश्न आधीच बसले आहेत. पाली चवथीनंतर सुरू करा, रोज संस्कृतची जी वीस मिनिटं सांगितली त्यातच. तोवर तर्कसंग्रह एकदा झालेला असेल.

बसमध्ये मूळ ग्रंथ वाचू नका. उभ्याने, एका हातात पिशवी धरून कांटचं वाक्य शेवटापर्यंत पोचत नाही. सकाळच्या फेरीला आदल्या दिवशीची एक सिद्धता कागदाशिवाय मनात सोडवायची, कुठे अडते ते लक्षात ठेवायचं. संध्याकाळी पणजीला गाडी बदलताना संज्ञांच्या वहीचं एक पान. पाच हेत्वाभास (अनुमानातले सदोष हेतू), सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित, प्रत्येकाला स्वतःचं एक उदाहरण. पुस्तकातलं नको, खिडकीबाहेर दिसेल त्यातलं. 'ही गाडी वेळेवर पोचेल, कारण ती कदंबची (गोव्याच्या सरकारी बससेवेची) आहे' यातला दोष कोणता ते उद्या इथे लिहा.

---

मयेकाठ :

सव्यभिचार. कदंबच्या गाड्या वेळेवर पोचतात तशा उशिराही पोचतात, म्हणजे हेतू (दिलेलं कारण) साध्य (सिद्ध करायचं ते) असतं तिथे आहे आणि नसतं तिथेही आहे.

---

जुनी_वही :

बरोबर, त्यातला साधारण सव्यभिचार. आता 'बाधित'चं (ज्याचं साध्य दुसऱ्या प्रमाणाने खोटं ठरतं त्याचं) उदाहरण शोधा, ते बसमध्ये सापडायला वेळ लागेल.